पिवळसर झाकेचे, जुन्या पैलूंचे हिरे दागिन्यात कसे दिसतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पद्धतीने पैलू पाडलेला, किंचित पिवळसर हिरा अंगठीत किंवा कुडीत बसल्यावर नेमका कसा दिसेल, ही एकच शंका अनेक रूपांनी विचारली जाते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे पुनरुक्ती न करता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुकानदार ‘वॉर्म टोन’चा हिरा म्हणतात तो नेमका कोणता? तो हलक्या प्रतीचा असतो का?

जीआयए या अमेरिकी संस्थेने १९५०च्या दशकात रूढ केलेल्या मापनात हिऱ्याच्या रंगाला डी ते झेड अशी तेवीस अक्षरे दिली जातात. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन, के ते एम म्हणजे पुसट झाक, आणि त्यापुढे झेडपर्यंत झाक क्रमाने गडद होत जाते. बाजारात ‘वॉर्म’ हा शब्द साधारणपणे के आणि त्यापुढच्या हिऱ्यांसाठी वापरतात. बहुतेक हिऱ्यांत ही झाक नायट्रोजनमुळे येते. कार्बनच्या जाळीत नायट्रोजनचे अणू विशिष्ट रचनेत बसले की ते प्रकाशातील जांभळा-निळा भाग शोषून घेतात आणि डोळ्यांपर्यंत पिवळसर प्रकाश पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेतून असे हिरे मोठ्या संख्येने येऊ लागले, म्हणून व्यापारात त्यांना ‘केप’ हे नाव पडले. तेथे १८६०च्या दशकात सापडलेला आणि आज तेथीलच किंबर्ली शहरात असलेला ‘युरेका’ हा १०.७३ कॅरेटचा हिरादेखील पिवळसरच आहे.

प्रतीविषयी म्हणाल, तर हे अक्षर रंगाचा अभाव किती दुर्मीळ आहे एवढेच सांगते. चमक, टिकाऊपणा किंवा अंतर्गत स्वच्छता यांच्याशी त्याचा संबंध नसतो. किंमत मात्र या अक्षरानुसार कमी होते, हे खरे.

२. ‘जुन्या पैलूंचा’ हिरा कसा ओळखावा? तो खरोखर जुनाच असतो का?

ओल्ड माइन कट आणि ओल्ड युरोपियन कट हे दोन प्रकार मुख्यतः भेटतात. पहिला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला, कडा गोलसर असलेल्या चौकोनी उशीच्या आकाराचा असतो. दुसरा त्यानंतरचा, गोल, साधारणपणे १९३०च्या आसपासपर्यंत प्रचारात असलेला. दोहोंचा वरचा भाग उंच आणि सपाट माथा लहान असतो, पैलू रुंद असतात आणि तळाचे टोक छाटलेले असते. माथ्यातून पाहिल्यास ते छाटलेले टोक मधोमध बारीक वर्तुळासारखे दिसते. अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये पैलूंच्या कोनांचे गणित मांडल्यानंतर आजचा गोल ब्रिलियंट कट रूढ होत गेला.

अलीकडे हेच घाट नव्याने पाडले जातात, खाणीतल्या हिऱ्यांतही आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांतही. रंग कसा दिसेल हे वयापेक्षा घाटावर ठरत असल्याने पुढील बहुतेक उत्तरे दोन्ही प्रकारांना लागू पडतात.

३. सर्टिफिकेटवर ‘एल’ आहे, पण अंगठीत हिरा चांगला पांढरा दिसतो. सर्टिफिकेट चुकले आहे का?

बहुधा नाही. प्रयोगशाळेत डी ते झेड या पट्टीतला हिरा सुटा असतानाच, माथा खाली आणि टोक वर करून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून बाजूने तपासतात. मुद्दाम असे पाहण्याचे कारण म्हणजे त्या बाजूने चमक अडथळा आणत नाही आणि हिऱ्याच्या अंगचा रंग उघडा पडतो. आपण मात्र अंगठी वरून पाहतो. वरून पाहताना पैलूंवरून परत येणारा पांढरा प्रकाश आणि रंगीत ठिणग्या यांच्या गर्दीत तो अंगचा रंग बराच झाकला जातो. त्यामुळे एखादा ‘एल’ वरून ‘जे’सारखा भासणे यात काही नवल नाही.

उलटही घडते. एकाच अक्षराचे दोन हिरे वरून वेगवेगळे दिसू शकतात, कारण अक्षर एका दिशेने ठरवलेले असते आणि नजर दुसऱ्या दिशेने पडते. ‘एल आहे, म्हणजे असाच दिसेल’ हे गृहीत धरणे, ही या खरेदीतील सर्वांत महागडी चूक आहे असे माझे मत आहे.

४. जुन्या पैलूंमध्ये पिवळेपणा जास्त दिसतो की लपतो? दोन्ही ऐकले आहे.

दोन्ही खरे आहे, म्हणूनच गोंधळ होतो.

आजच्या गोल हिऱ्यात खालचे पैलू लांब आणि अरुंद असतात; त्यामुळे प्रकाशाचे बारीक तुकडे होऊन हिरा सर्वत्र चमचमतो आणि रंगाकडे लक्ष जात नाही. जुन्या घाटात पैलू रुंद असल्याने प्रकाशाचे मोठे, संथ पट्टे दिसतात. एक पट्टा उजळतो, शेजारचा काळोखतो आणि मधल्या शांत जागेत अंगचा रंग डोकावतो. येथवर पाहिले तर जुना घाट रंग दाखवणारा ठरतो. मात्र वरचा भाग उंच असल्यामुळे इंद्रधनुषी ठिणग्याही अधिक पडतात आणि नारिंगी-लाल लखलखाटात पुसट पिवळी झाक डोळ्यांना वेगळी जाणवत नाही. चांगल्या घडलेल्या ओल्ड युरोपियन हिऱ्याचा ‘के’ किंवा ‘एल’ वरून पाहताना अपेक्षेपेक्षा पांढरा वाटतो, तो बहुतांशी यामुळेच.

उशीच्या आकारात आणखी एक भर पडते. तेथे रंग सर्वत्र सारखा पसरत नाही, कोपऱ्यांकडे आणि कडेला साचल्यासारखा दिसतो. फार खोल हिऱ्यात प्रकाशाला आत जास्त अंतर कापावे लागते आणि जितका लांबचा प्रवास तितका निळा भाग जास्त शोषला जातो, म्हणून रंग गडद भासतो. याच कारणाने मोठ्या हिऱ्यात रंग लवकर जाणवतो: तीस सेंटच्या (०.३० कॅरेटच्या) ‘एम’मध्ये जी झाक शोधावी लागते, ती तीन कॅरेटच्या ‘एम’मध्ये दुरूनही दिसते. हिऱ्याचे तळाचे कोन बिघडलेले असतील, तर प्रकाश वर येण्याऐवजी खालून निसटतो आणि हिरा एकाच वेळी मंद व पिवळा दिसू लागतो. ज्या पिवळेपणाची तक्रार येते, त्यातला काही भाग रंगाचा नसून अशा निसटलेल्या प्रकाशाचा असतो. म्हणून हिरा निवडताना अक्षराइतकेच त्याच्या लकाकीकडे लक्ष द्यावे.

५. पिवळसर हिरा पिवळ्या सोन्यात बसवावा की पांढऱ्या धातूत?

येथे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध काम करतात. पिवळे सोने स्वतःचा रंग हिऱ्यात परावर्तित करते, त्यामुळे हिरा प्रत्यक्षात थोडा अधिक पिवळा होतो. पण शेजारी गडद पिवळे सोने असल्याने डोळ्यांना तुलनेत हिराच पांढरा वाटतो. प्लॅटिनम किंवा पांढरे सोने हिऱ्यात रंग मिसळत नाही. मात्र पांढऱ्या चौकटीत पुसट पिवळी झाक चटकन उठून दिसते.

के ते एमच्या हिऱ्याला अठरा कॅरेटचे पिवळे सोने बहुधा शोभते. बावीस कॅरेटचा पिवळा अधिक गडद असल्याने तुलनेचा परिणाम आणखी वाढतो, पण ते सोने मऊ असल्याने एकट्या मोठ्या हिऱ्याच्या नाजूक पकडीसाठी ते न वापरणे श्रेयस्कर. एन ते आरच्या हिऱ्यांत झाक लपवण्याचा खटाटोप सोडून द्यावा. पिवळ्या सोन्यात ते मधासारखे दिसतात आणि पुष्कळांना तेच आवडते. गुलाबी सोन्यातील तांब्यामुळे तपकिरीकडे झुकणारा हिरा अधिक खुलतो (प्रश्न १३ पाहा).

६. नख्यांची पकड घ्यावी की सभोवार धातूची कडा?

जुन्या पैलूंचा हिरा खोल असतो, त्यामुळे चार किंवा सहा नख्यांवर उंच बसवला तर तो बाजूनेही दिसतो आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेला अंगचा रंग नेमका बाजूनेच उघडा पडतो. बेझेल, म्हणजे सभोवार असलेली धातूची कडा, ही बाजू झाकते. तिचा धातू मात्र कडेच्या पैलूंत उतरतो: पिवळी कडा हिऱ्याला पिवळे वलय देते, पांढरी कडा ते टाळते.

आणखी एक बारकावा आहे. तळाचे टोक रुंद छाटलेले असेल, तर त्या छोट्या खिडकीतून हिऱ्याखाली जे आहे ते दिसते. खाली पिवळा पत्रा असेल तर मध्यभागी पिवळा ठिपका दिसतो, खाली मोकळे असेल तर बोटाची त्वचा किंवा नुसता काळोख दिसतो. पट्टी पिवळ्या सोन्याची आणि हिरा धरणारा भाग प्लॅटिनमचा, ही जोड अनेक कारागीर याच कारणाने सुचवतात. शक्य असल्यास हिरा दोन्ही धातूंच्या रिकाम्या घरात तात्पुरता ठेवून पाहावा. मेणाच्या गोळीने तो क्षणभर सहज धरता येतो.

७. युरोपातील जुन्या दागिन्यांत हिरे चांदीत आणि मागची बाजू सोन्याची का असते?

हा प्रश्न जुने दागिने विकत घेणाऱ्यांकडून येतो. प्लॅटिनमचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीसच सर्वत्र पसरले, कारण त्याआधी ते वितळवण्याइतकी उष्णता साध्या भट्टीत मिळत नसे. त्यापूर्वी हिऱ्यात सोन्याचा पिवळा रंग उतरू नये म्हणून दर्शनी भाग चांदीचा करत आणि चांदीचा काळा डाग कपड्यांना व त्वचेला लागू नये म्हणून पाठ सोन्याची ठेवत. काळवंडलेल्या चांदीच्या गडद चौकटीत हिरा तुलनेने पांढरा वाटतो. ही चांदी घासून लखलखीत केल्यावर ‘हिरा पिवळा झाला’ असे म्हणणारे भेटतात. पिवळा तो आधीपासूनच होता, फक्त चौकट बदलली.

८. आजीच्या जडावाच्या दागिन्यातील पोलकी हिरे बंद कोंदणात आहेत. त्यांचा रंग कसा ओळखावा?

बंद कोंदणात ओळखता येत नाही, आणि ते तसे असणे हा त्या कलेचाच भाग आहे. पोलकी म्हणजे फारसे पैलू न पाडलेला, चपटा हिरा. त्याच्याखाली चकचकीत पातळ पत्रा, म्हणजे डाक घालून तो कुंदनाच्या शुद्ध सोन्याने घट्ट बसवतात. हिऱ्यातून आत गेलेला प्रकाश त्या पत्र्यावरून परत येतो, म्हणून आपल्याला दिसणारा रंग हा हिऱ्याचा कमी आणि पत्र्याचा जास्त असतो. चांदीसारख्या पत्र्यावर पिवळसर पोलकी पांढरी भासते. पत्रा काळवंडला किंवा त्यात ओल शिरली, की तीच पोलकी राखाडी, तपकिरी किंवा डागाळलेली दिसू लागते, जरी हिऱ्यात काहीही बदललेले नसते.

मोल करण्यासाठी हिरे बाहेर काढायचे असतील, तर सुट्या हिऱ्याचा रंग दागिन्यातील रंगाहून पुष्कळ वेगळा निघण्याची तयारी ठेवावी. एकदा उकललेले कोंदण पूर्ववत होत नाही, त्यामुळे केवळ कुतूहलासाठी ते उकलू नये.

९. दुकानात पांढरा दिसलेला हिरा घरी पिवळा का दिसतो?

दुकानातील दिवे तीव्र, टोकदार आणि पांढरे असतात. त्यांच्याखाली ठिणग्या इतक्या पडतात की रंग मागे सारला जातो. घरच्या पिवळसर दिव्याचे रंगतापमान साधारणपणे २७०० ते ३००० केल्विन असते, म्हणजे त्या प्रकाशात मुळातच पिवळा भाग जास्त असतो, आणि हिरा तो प्रकाश तसाच परत देतो. दिवसाच्या उजेडाचे तापमान ५००० केल्विनच्या वर असते. आजूबाजूच्या रंगांचाही परिणाम होतो: पिवळ्या शालूच्या पदराजवळ हिरा तो पिवळा उचलतो, आरशासारखा.

हिऱ्याचे व्यापारी फार पूर्वीपासून उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड पसंत करतात, कारण आपल्या गोलार्धात तेथून थेट ऊन सहसा येत नाही. घरी तेच करावे: सकाळी दहाच्या सुमारास सावलीतल्या खिडकीपाशी, दुमडलेल्या पांढऱ्या कागदावर दागिना ठेवून पाहावा. नंतर ज्या दिव्याखाली तो प्रत्यक्ष वापरला जाईल, त्याखालीही पाहावा. दुकानदाराला हिरा दारापर्यंत नेण्याची विनंती करण्यात संकोच वाटू देऊ नये.

१०. फ्लुरोसन्स असलेला पिवळसर हिरा जास्त पांढरा दिसतो, हे खरे का?

काही वेळा. काही हिरे अतिनील किरणांत निळे चमकतात (हाच फ्लुरोसन्स), आणि निळा हा पिवळ्याला खोडणारा रंग आहे. उन्हात अतिनील किरण भरपूर असल्याने तीव्र निळा फ्लुरोसन्स असलेला ‘के’ किंवा ‘एल’ तेथे थोडा पांढरा भासू शकतो. घरातल्या एलईडी दिव्यांत हे किरण जवळजवळ नसतात, म्हणून तेथे हा लाभ मिळत नाही. जीआयएने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही तीव्र फ्लुरोसन्सचे हिरे वरून थोडे बरे वाटल्याचे दिसले, पण सर्वसाधारण ग्राहकांना फरक ओळखता आला नाही. फार थोड्या हिऱ्यांत तीव्र फ्लुरोसन्ससोबत दुधाळ धूसरपणा असतो. तो उन्हात पाहिल्यावर लपत नाही.

११. मधल्या ‘एल’ हिऱ्याभोवती छोटे हिरे कोणत्या रंगाचे घ्यावेत?

चांगल्या हिऱ्याचे बाजारात सर्वाधिक नुकसान येथे होते. मधला ‘एल’ आणि भोवती ई-एफचे बारीक हिरे अशी अंगठी केली की मधला हिरा एकदम पिवळा पडल्यासारखा वाटतो, कारण डोळा रंग तुलनेनेच मोजतो. बाजूचे हिरे मधल्यापेक्षा एक-दोन श्रेणींपलीकडे नसावेत. लहान हिऱ्यात रंग कमी जाणवत असल्याने (प्रश्न ४) ‘एल’च्या शेजारी ‘एल’चेच बारीक हिरेसुद्धा जरा पांढरेच दिसतात, म्हणून शेजारी ‘एम’ घेतले तरी बिघडत नाही. घाटही जुळवावा. जुन्या पैलूंच्या हिऱ्याशेजारी आधुनिक बारीक ब्रिलियंट वेगळ्या लयीत चमकतात आणि रंगाचा फरक अधिक टोचतो.

कुड्यांच्या जोडीत अक्षर सारखे असून भागत नाही. दोन्ही हिरे वरून, एकाच प्रकाशात, एकमेकांशेजारी पाहूनच जोडी लावावी. त्यातही एक सोय आहे: कानांतली दोन फुले एकाच नजरेत क्वचितच येतात, त्यामुळे अर्ध्या श्रेणीचा फरक अंगावर कळत नाही.

१२. परदेशातून व्हिडिओ पाहून हिरा घ्यायचा आहे. रंगावर विश्वास ठेवता येईल का?

केवळ एका व्हिडिओवरून नाही. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतः ठरवतो, त्यामुळे पिवळसर हिरा ‘दुरुस्त’ होऊन पांढरा दिसू शकतो. हिरा वरून आणि बाजूने, कोऱ्या पांढऱ्या कागदावर, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, आणि शेजारी अक्षर माहीत असलेला दुसरा हिरा ठेवून चित्रित करून मागावा. दोहोंतला फरक कॅमेरा सहसा लपवू शकत नाही. परत करण्याची मुदत लेखी घ्यावी.

१३. झाक पिवळी नसून तपकिरी आहे. तेच नियम लागू पडतात का?

बरेचसे. तपकिरी रंग प्रायः नायट्रोजनमुळे नव्हे, तर पृथ्वीच्या पोटात दाबाने स्फटिकाच्या जाळीत झालेल्या विकृतीमुळे येतो. ‘के’पासून पुढे जीआयए अशा हिऱ्यांच्या अक्षरासोबत तपकिरी असा शब्दही लिहिते, त्यामुळे सर्टिफिकेट नीट वाचावे. पांढऱ्या धातूत तपकिरी झाक मळकट वाटू शकते, तर गुलाबी सोन्यात तीच दालचिनीसारखी दिसते.

१४. जडवलेल्या हिऱ्याचा रंग कोणी खात्रीने सांगू शकेल का? हॉलमार्क तर आहे.

हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो. हिऱ्याविषयी तो काहीही सांगत नाही. जडवलेल्या हिऱ्याचा रंग धातू आणि पकड यांमुळे अंदाजानेच सांगावा लागतो, म्हणून प्रामाणिक तज्ज्ञ ‘के ते एम’ असा पल्ला देतो. पिवळ्या सोन्यातील हिऱ्याला कोणी छातीठोकपणे एकच अक्षर दिले, तर त्याचा सुटा असतानाचा दाखला मागावा.

१५. पाच वर्षांत हिरा आणखी पिवळा पडला. असे होते का?

हिऱ्याचा अंगचा रंग वापराने बदलत नाही. तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, मळ. हिऱ्याला पाण्याचे वावडे आणि तेलाची ओढ असते; खाणीत दगडांतून हिरे वेगळे करण्यासाठी चरबी लावलेली टेबले याच गुणावर चालत. स्वयंपाकघरात अंगठी घालून वावरणाऱ्यांच्या हिऱ्याखाली तूप, कणीक आणि हळद यांचा थर बसतो, आणि हळदीच्या तेलकट थराचा रंग कोणता हे सांगायला नको. खुल्या पकडीचा दागिना कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने खालून घासावा. बंद कोंदणाचा दागिना पाण्यात बुडवू नये. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

दुसरी, रोडियम. पांढऱ्या सोन्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा असतो; तो झिजला की खालचे मुळातले पिवळसर सोने उघडे पडते आणि त्याचे प्रतिबिंब हिऱ्यात दिसते. पुन्हा मुलामा दिल्यावर हिरा ‘पांढरा’ होतो.

तिसरी शक्यता अप्रिय आहे. पिवळसर हिऱ्याच्या कडेला किंवा तळाला निळ्या-जांभळ्या रंगाचा सूक्ष्म लेप देऊन तो पांढरा भासवण्याची लबाडी जुनी आहे. लेप झिजला किंवा धुताना निघाला की खरा रंग परत येतो. तसा संशय असल्यास हिरा काढून प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

१६. जुना हिरा नव्याने पैलू पाडून पांढरा करता येईल का?

अंगचा रंग पैलू पाडून जात नाही. नव्या घाटात तो वरून थोडा कमी दिसेल, अक्षर क्वचित एखाद्या श्रेणीने सरकेल, पण वजन मात्र नक्की घटेल. त्र्यंबकेश्वराशी नाव जोडलेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला नाशिकचा हिरा सुमारे ९० कॅरेटचा होता. वारंवार पैलू पाडल्यावर तो ४३.३८ कॅरेटचा उरला आहे. त्याचे पुनर्घडण पिवळेपणासाठी झाले नव्हते, तरी चकाकीच्या हौसेची किंमत त्यातून दिसते. कड तुटलेली नसेल तर अस्सल जुन्या हिऱ्याला हात लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

१७. पिवळ्या सोन्यातील हिरा ‘फॅन्सी यलो’ म्हणून दाखवला, पण सर्टिफिकेटवर ‘डब्ल्यू–एक्स’ आहे. फरक काय?

झेडच्या पलीकडे रंग गेला की हिरा ‘फॅन्सी’ गणला जातो आणि तेथे नियम उलटतो: फॅन्सी रंग सुट्या हिऱ्यावरच, पण वरून पाहून ठरवतात. म्हणून रंग साठवणारा घाट तेथे दोष न राहता गुण होतो. ‘डब्ल्यू–एक्स’चा हिरा सुटा असताना त्या सीमेच्या अलीकडे असतो, पण खोल उशीचा घाट, सभोवार पिवळी कडा आणि खाली पिवळ्या सोन्याची वाटी अशी मांडणी केली की तो वरून फॅन्सी भासतो. ही मांडणी करण्यात गैर काही नाही आणि दागिना सुंदरही दिसतो. गैर आहे ते भासणाऱ्या रंगाची किंमत लावणे. अशा वेळी सर्टिफिकेटवरील शब्दाप्रमाणेच पैसे मोजावेत आणि बिलावर तोच शब्द लिहून घ्यावा.